नवउद्योग, विद्यापीठीय

विद्यापीठात किंवा तंत्रशिक्षण संस्थेत शिकणारे विद्यार्थी, तेथील संशोधक व अध्यापक यांनी आपल्या अभ्यासातून निघालेल्या तांत्रिक कल्पनेवर उभारलेले, परंतु उत्पादन व विक्री यांची घडी अद्याप न बसलेले उद्योग. व्यवहारात त्यांना ‘स्टार्टअप’ म्हणतात. अशा उद्योगाजवळ तारण ठेवण्यासारखी मालमत्ता नसते आणि मागील वर्षांचे ताळेबंदही नसतात. त्यामुळे बँकेचे कर्ज त्यास सहसा मिळत नाही. बुडण्याची जोखीम पतकरून त्याबदली मालकीचा वाटा घेणारा गुंतवणूकदार त्यास शोधावा लागतो. या शोधात विद्यापीठ मध्यस्थाचे काम करते. प्रयोगशाळा व जागा देणे, कल्पनेची तांत्रिक पारख करणे आणि गुंतवणूकदारांशी गाठ घालून देणे, ही त्याची तीन प्रमुख कार्ये होत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या पद्धतीचा उगम अमेरिकेत झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन यांच्या प्रोत्साहनाने विल्यम ह्यूलेट व डेव्हिड पॅकार्ड या त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९३९ मध्ये आपला व्यवसाय सुरू केला. जॉर्ज डोरिओ यांच्या नेतृत्वाखाली १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ या संस्थेने १९५७ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रसंस्थेच्या प्रयोगशाळेतील दोन अभियंत्यांच्या संगणक कंपनीत सु. ७०,००० डॉलर गुंतविले. ही गुंतवणूक पुढे अनेक पटींनी वाढल्यामुळे साहस भांडवलाची कल्पना रूढ झाली. १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी अनुदानातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेता येऊ लागली. स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये स्थापिलेल्या गूगल कंपनीच्या मूळ शोधपद्धतीचे एकस्व विद्यापीठाकडे होते. त्याच्या वापराबदल मिळालेले समभाग विकून विद्यापीठास सु. ३३·६ कोटी डॉलर मिळाले.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : तंत्रशिक्षण संस्था, उद्योजक व भांडवल यांचा संबंध महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या आरंभापासून दिसतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत (स्थापना १८८७) शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी नोकरी सोडून बेळगावात शेतीची अवजारे बनविण्यास प्रारंभ केला. तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ जमीन व कर्जरूपाने भांडवल दिले. त्यातून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करणाऱ्या अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून तळेगाव येथे काचकारखाना निघाला (१९०८) व तरुणांना त्या कलेचे शिक्षण मिळाले. पहिल्या उदाहरणात संस्थानिकाने, तर दुसऱ्यात समाजाने जोखीम घेतली. तंत्रसंस्थेने मात्र ज्ञान देण्यापलीकडे भाग घेतला नाही.

मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाने (स्थापना १९३३; २००८ पासून अभिमत विद्यापीठ) याहून निकटचे नाते जोडले. येथील विद्यार्थी व काही काळ अध्यापक असलेले केकी घरडा यांनी १९६० च्या दशकात स्वतःचा रासायनिक उद्योग काढला. येथेच शिकलेल्या अंजी रेड्डी यांनी १९८४ मध्ये हैदराबाद येथे औषधनिर्मिती कंपनी स्थापिली. तथापि या उद्योजकांसाठी गुंतवणूकदार मिळवून देणारी यंत्रणा तेव्हा विद्यापीठात नव्हती. ज्याने त्याने आपापल्या परीने भांडवल उभे केले.

संस्थात्मक आरंभ : केंद्र शासनाने १९८२ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजकता विकासासाठी राष्ट्रीय मंडळ नेमले. त्याच दशकात पुणे विद्यापीठाच्या आवारात विज्ञान व तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. १९८८ मध्ये साहस भांडवलासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली, तर १९९६ मध्ये भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) त्याचे नियम केले. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांचा उद्योजकता कक्ष व माजी विद्यार्थी कंवल रेखी यांच्या देणगीतून माहिती तंत्रज्ञान विद्यालय सुरू झाले. तेथील संवर्धनकार्याचे रूपांतर २००४ मध्ये ‘सोसायटी फॉर इनोव्हेशन अँड आँत्रप्रनरशिप’ (साइन) या स्वतंत्र संस्थेत करण्यात आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २००७ मध्ये ‘व्हेंचर सेंटर’ निघाले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य हे राज्यातील विद्यापीठांचे विहित कार्य ठरले. २०१८ मध्ये राज्याचे नवउद्योगविषयक धोरण जाहीर झाले.

भांडवल उभारणीची रीत : विद्यार्थ्याची कल्पना प्रथम स्पर्धेतून किंवा अध्यापकांच्या समितीतून पारखली जाते. नमुना तयार करण्यासाठी परत न करावयाचे अनुदान दिले जाते. केंद्राच्या २०२१ च्या बीजनिधी योजनेत यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान व पुढील टप्प्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत कर्जरूप अथवा समभागांत रूपांतरित होणारे साहाय्य ठेवण्यात आले. संवर्धन केंद्र जागा व सल्ला यांच्या मोबदल्यात कंपनीत अल्प हिस्सा घेते. त्यानंतर गुंतवणूकदारांसमोर सादरीकरण होते. गुंतवणूकदाराने ५० लाख रुपये देऊन एक-पंचमांश वाटा घेतला, तर कंपनीचे मूल्य अडीच कोटी रुपये धरले गेले असा त्याचा अर्थ होतो आणि संस्थापकांकडे ८० टक्के वाटा उरतो. पुढील फेरीत नव्या गुंतवणूकदारास एक-चतुर्थांश वाटा दिल्यास संस्थापकांचा वाटा ६० व पहिल्या गुंतवणूकदाराचा १५ टक्क्यांवर येतो. अशा काही फेऱ्यांनंतर संस्थापक स्वतःच्याच कंपनीत अल्पसंख्य ठरू शकतात. २०१२ मध्ये लागू झालेल्या करतरतुदीनुसार, ठरावीक मूल्याहून अधिक किमतीला विकलेल्या समभागांची वाढीव रक्कम कंपनीचे उत्पन्न मानली जाई. ‘एंजल कर’ म्हणून ओळखली जाणारी ही तरतूद २०२४ च्या अर्थसंकल्पाने रद्द केली.

यशापयश : पवईच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापिलेली व ‘साइन’मध्ये वाढलेली ‘आयडियाफोर्ज’ ही मानवरहित विमाने बनविणारी कंपनी या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. संरक्षण संशोधन संस्थेच्या सहकार्याने तिने ‘नेत्र’ हे टेहळणी विमान विकसित केले. २०१६ मध्ये तिच्यात मोठ्या कंपन्यांनी भांडवल घातले. जुलै २०२३ मध्ये प्रत्येकी ६७२ रुपयांना विकलेल्या तिच्या समभागांचा भाव शेअर बाजारातील पहिल्याच दिवशी जवळजवळ दुप्पट झाला. प्रयोगशाळेपासून बाजारापर्यंतच्या या वाटचालीस सोळा वर्षे लागली. आणि २०२४–२५ मध्ये कंपनीस तोटा होऊन भाव मूळ किमतीच्याही खाली गेला. याउलट, त्याच संस्थेतील तरुणांनी २०१२ मध्ये काढलेल्या ‘हाउसिंग’ या घरशोधन कंपनीस २०१४ अखेर ९ कोटी डॉलरांची गुंतवणूक मिळाली. परंतु २०१५ मध्ये संचालक मंडळाने तिच्या मुख्य संस्थापकास दूर केले व २०१७ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. त्या संस्थापकाने पदवी अपुरी सोडली होती. भांडवल झटपट मिळाल्याने उद्योग टिकतोच असे नाही, हे यावरून दिसते.

रायगड किनारा : या सोयींचा प्रादेशिक असमतोल रायगड जिल्ह्यात स्पष्ट दिसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ च्या अधिनियमान्वये जिल्ह्याच्या दक्षिण भागात लोणेरे (ता. माणगाव) येथे स्थापन झाले. अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकास धरमतर खाडीच्या मुखाशी असलेले रेवस बंदर मात्र मुंबईच्या भाऊच्या धक्क्याशी लाँचने जोडलेले आहे. येथील विद्यार्थ्यास जलमार्गाने मुंबई जवळ आणि आपल्याच जिल्ह्यातील तंत्रविद्यापीठ दूर पडते. खाडीपलीकडील करंजाशी रेवस पुलाने जोडण्याची योजना प्रदीर्घ काळ रखडली होती. अंतर केवळ रस्त्याचेही नाही. मासळी टिकविणे, होड्यांचे इंधन वाचविणे, खारभूमीत पीक घेणे हे या किनाऱ्याचे प्रश्न आहेत. पनवेलचे खारभूमी संशोधन केंद्र त्यांपैकी शेवटच्या प्रश्नावर काम करते. यांची उत्तरे सावकाश मिळतात व गिऱ्हाईक बेताच्या ऐपतीचे असते. म्हणून काही वर्षांत अनेक पट परतावा मागणारे भांडवल तिकडे सहसा वळत नाही.

मूल्यमापन : विद्यापीठाच्या प्रयोगशाळा मुख्यतः सार्वजनिक पैशावर चालतात. तेथील ज्ञानातून खाजगी संपत्ती निर्माण होताना समाजाचा वाटा कोणता, हा मूलभूत प्रश्न होय. सार्वजनिक निधीतून झालेल्या शोधांच्या मालकीविषयी २००८ मध्ये संसदेत मांडलेले विधेयक कायद्यात न उतरता पुढे मागे घेण्यात आले. त्यामुळे हा प्रश्न बहुतांशी त्या त्या संस्थेच्या नियमांवर राहिला. उद्योग बुडाल्यास गुंतवणूकदाराची जोखीम अनेक कंपन्यांत विभागलेली असते. विद्यार्थ्याची मात्र उमेदीची वर्षे एकाच ठिकाणी खर्ची पडतात. म्हणून अपयशानंतर शिक्षण पुन्हा सुरू करण्याची मुभा, करारातील अटी समजावून देणारे निःपक्ष साहाय्य आणि नफ्याच्या दृष्टीने आकर्षक नसलेल्या स्थानिक प्रश्नांसाठी अनुदान, या तिन्ही गोष्टी गुंतवणूकदारांच्या भेटी घडवून आणण्याइतक्याच विद्यापीठाच्या कर्तव्यात मोडतात. पैसाफंडाच्या काळी जोखीम समाजाने वाटून घेतली होती. रेवससारख्या गावातील विद्यार्थ्याच्या बाबतीत त्या तत्त्वाची गरज अद्याप संपलेली नाही.