बाळ रात्री झोपत नाही? कारणं काय, उपाय कोणते आणि काय अजिबात करू नये

दिवसभर शांत झोपलेलं बाळ दिवेलागणीनंतर किरकिर करायला लागतं. दूध पाजून होतं, लंगोट बदलून होतो, पाळण्याला झोके देऊन हात दुखायला लागतात, तरी डोळा लागत नाही. लागलाच तर गादीवर ठेवल्या ठेवल्या उघडतो. कवी केशवसुतांच्या मालगुंडमधली बाळंतीण असो की मुंबईच्या चाळीतली, पहिल्या काही महिन्यांत हा अनुभव बहुतेक घरांत येतो. मग 'दृष्ट लागली', 'दूध पुरत नाही', 'पोट दुखतंय' अशी कारणं शोधली जातात आणि गुटीपासून ग्राइप वॉटरपर्यंत सल्ले यायला लागतात.

खरं तर यातली बहुतेक बाळं आजारी नसतात. दिवस आणि रात्र वेगळे असतात, हे त्यांचं शरीर अजून शिकत असतं. या काळात बाळाला झोपेच्या औषधाची गरज नसते. थोडी मदत बाळाला लागते आणि बरीच मदत त्याच्या आईला.

बाळाला किती झोप लागते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, जन्मापासून ३ महिन्यांपर्यंत बाळाला २४ तासांत १४ ते १७ तास झोप लागते. ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास, तर १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. यात दिवसाची झोपही धरलेली आहे.

आकडे मोठे दिसतात, पण नवजात बाळ ही झोप सलग घेत नाही. दोन-तीन तासांचे तुकडे दिवसा आणि रात्रीही पडतात. त्यामुळे बाळाची एकूण झोप पुरेशी असते आणि घरातली मोठी माणसं मात्र जागून थकलेली असतात.

झोप लागायला अडचण का होते?

पहिलं कारण म्हणजे शरीरातलं घड्याळ. अंधार पडला की मोठ्या माणसाच्या शरीरात मेलाटोनिन हे झोपेला मदत करणारं संप्रेरक वाढतं. बाळाच्या शरीरात ही लय साधारण दोन-तीन महिन्यांनंतर बसायला लागते. तोपर्यंत त्याला रात्रीचे दोन आणि दुपारचे दोन सारखेच.

दुसरं कारण झोपेचा प्रकार. नवजात बाळाची जवळपास अर्धी झोप 'सक्रिय' असते. या झोपेत ते हातपाय हलवतं, तोंड वेडंवाकडं करतं, कण्हतं. बाळ जागं झालं असं समजून लगेच उचललं, तर ते खरंच जागं होतं. अशा वेळी थोडं थांबून पाहिलं तर अनेकदा ते पुन्हा आपोआप झोपतं.

तिसरं कारण भूक. पोट लहान आणि आईचं दूध पचायला हलकं, त्यामुळे नवजात बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. रात्री दुधासाठी उठणं हे दूध कमी पडत असल्याचं लक्षण नाही.

चौथं कारण दचकणं. खाली ठेवताना आधार सुटल्यासारखं वाटलं की बाळ हात फैलावून दचकतं. ही जन्मजात प्रतिक्रिया साधारण ४ ते ६ महिन्यांत नाहीशी होते.

पाचवं कारण अतिथकवा. जांभया देणं, डोळे चोळणं, नजर वळवणं ही झोप आल्याची चिन्हं आहेत. ही वेळ चुकली की दमलेलं बाळ शांत होण्याऐवजी आणखी रडतं.

यात संध्याकाळच्या रडण्याची भर पडते. बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत कमी होत जातं. दिवसात ३ तासांहून जास्त, आठवड्यातून ३ दिवसांहून जास्त आणि ३ आठवड्यांहून जास्त काळ रडणाऱ्या निरोगी बाळाच्या त्रासाला 'कोलिक' म्हणायचं, हा निकष १९५४ पासून वापरात आहे. कोलिकही काळाबरोबर थांबतो.

काय केल्याने मदत होते?

दिवस उजेडात, रात्र अंधारात: दिवसा बाळाला पडवीत किंवा खिडकीजवळ, उजेडात आणि घरातल्या आवाजात ठेवावं. रात्री पाजताना मोठा दिवा लावू नये, मोबाइल चालू करू नये, बाळाशी खेळू नये. रात्रीच्या आईच्या दुधात मेलाटोनिन असतं, हीसुद्धा बाळाला मिळणारी मदतच आहे.

रोज तोच क्रम: अंग पुसणं किंवा आंघोळ, हलक्या हाताने मालिश, कोरडे कपडे, दूध आणि मग अंगाई. क्रम कोणता यापेक्षा तो रोज तोच असणं महत्त्वाचं. गाणं सुरात असण्याची गरज नाही. ओळखीचा आवाज आणि संथ लय पुरते.

आधी चाला, मग बसा: जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये २१ बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. रडणाऱ्या बाळाला घेऊन ५ मिनिटं सलग चाललं की ते शांत होतं आणि अनेकदा झोपतं, असं त्यात दिसलं. पण लगेच खाली ठेवलं तर बरीच बाळं जागी होतात. म्हणून झोपल्यानंतर आणखी ५ ते ८ मिनिटं मांडीवर घेऊन बसावं आणि मग ठेवावं, असं संशोधकांनी सुचवलं. आपल्याकडच्या आज्या खांद्यावर टाकून येरझारा घालतात, ते याच कारणाने उपयोगी पडतं.

संथ, एकसारखा आवाज: पंख्याची घरघर किंवा कौलांवर पडणारा पाऊस अशा आवाजात बाळं शांत होतात. मोबाइलवर असा आवाज लावायचा असेल तर तो हळू आणि बाळापासून लांब असावा.

हवामानाचा विचार: कोकणात मे महिन्यात घामाने आणि पावसाळ्यात ओलसर कपड्यांनी बाळ अस्वस्थ होतं. पावसात लंगोट नीट वाळत नाहीत, म्हणून जास्तीचे कोरडे कपडे हाताशी ठेवावेत. वीज गेली तर जाड दुपट्यातून बाळाला बाहेर काढावं. मान किंवा पाठ घामेजलेली असेल तर त्याला उकडतंय असं समजावं. डासांसाठी कॉइलच्या धुरापेक्षा मच्छरदाणी चांगली.

पाळणा, झोळी की गादी?

बाळाला झोपवण्याची सर्वात सुरक्षित पद्धत सोपी आहे: पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, आईच्याच खोलीत पण वेगळ्या जागेवर. बाळाजवळ उशी, गोधडी, मऊ खेळणी नकोत. पालथं किंवा कुशीवर झोपवल्याने झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो.

वाशाला बांधलेली लुगड्याची झोळी अनेक घरांत असते. झोळीत बाळ लवकर शांत होतं, पण त्याचं अंग वाकतं आणि हनुवटी छातीला टेकली तर श्वासाला अडथळा येऊ शकतो. म्हणून झोळीत डोळा लागला की बाळाला सपाट जागी हलवावं. नजरेआड झोळीत ठेवू नये. पाळणाही सपाट तळाचा हवा आणि त्याच्या दोऱ्या बाळाच्या हाताला येऊ नयेत.

दुपट्यात गुंडाळल्याने दचकणं कमी होतं. मात्र पाय सरळ ताणून घट्ट बांधले तर खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. पाय मोकळे हलले पाहिजेत आणि बाळ कूस बदलू लागलं की गुंडाळणं बंद करावं.

आई आणि बाळ एकाच अंथरुणात झोपत असतील तर बाळाभोवती जाड पांघरूण नको, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये त्याला ठेवू नये आणि दारू किंवा झोपेची गोळी घेतलेल्या, बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने त्याच्याशेजारी झोपू नये. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं सर्वात धोक्याचं.

गुटी, मध, धुरी आणि सर्दीचं औषध

पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, पाणीही नाही, हा नियम झोपेच्या बाबतीतही लागू होतो. बाळगुटीत वेखंड, हिरडा, मुरडशेंग यांच्याबरोबर जायफळ असतं. जायफळाने झोप येते म्हणून त्याचे वळसे वाढवले जातात. पण सहाणेवरच्या एका वळशात नेमकं किती जायफळ गेलं हे मोजता येत नाही आणि जास्त प्रमाणात ते विषारी ठरतं. सहाण किंवा पाणी स्वच्छ नसेल तर जुलाबाचा धोका वेगळा.

मध एक वर्षापर्यंत चाटवूही नये. त्यातल्या जंतूंमुळे बॉट्युलिझम हा स्नायू लुळे करणारा आजार होऊ शकतो. धुरीने फुप्फुसांना त्रास होतो.

गुंगी येते म्हणून सर्दीचं औषध देण्याची चूक सुशिक्षित घरांतही होते. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला होता.

अफूच्या गोळीचा धडा

बाळाला गुंगी देऊन झोपवण्याला महाराष्ट्रात जुना इतिहास आहे आणि त्यात कोकणचाही वाटा आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या कामगारांची संख्या मोठी होती. त्यांत बायकाही होत्या. १९२२ च्या कारखाना कायद्याने कामाची मर्यादा घातली, तीही दिवसाला ११ तासांची. तान्हं बाळ घरी ठेवून इतका वेळ बाहेर राहायचं, तर ते झोपलेलं असणं भाग होतं. त्यासाठी 'बाळागोळी' मिळायची. तिच्यात अफू असे.

मुंबई सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्स यांनी १९२२ मध्ये गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. या बायकांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. अफूने बाळ शांत होतं, पण दूध पिण्याएवढंही जागं राहत नाही आणि मात्रा थोडी वाढली तर श्वास मंदावून जीव जातो.

या आया बेफिकीर नव्हत्या. त्यांच्याकडे रजा नव्हती, पाळणाघर नव्हतं, बाळाला धरायला दुसरे हात नव्हते. पुढे १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती लाभ कायदा आला. आज संघटित क्षेत्रात २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पण शेतात, मासळी बाजारात किंवा दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईला ती मिळत नाही. बाळ लवकर झोपावं म्हणून काहीतरी देण्याचा मोह जिथे होतो, तिथे बहुतेक वेळा मदतीला कोणी नसतं.

आईच्या झोपेचं काय?

म्हणून बाळाला झोपवणं हे एकट्या आईचं काम नाही. पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं, घेऊन चालणं ही कामं वडील, आजी, आजोबा कोणीही करू शकतं. रात्रीतून आईला सलग चार तास झोप मिळेल अशा पाळ्या लावल्या तरी मोठा फरक पडतो. दुपारी बाळ झोपलं की पाहुण्यांनी आईलाही झोपू द्यावं.

रडणं असह्य झालं, राग यायला लागला, तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवून काही मिनिटं बाजूला जावं. बाळाला गदागदा हलवू नये, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, बाळ झोपलं तरी आईला झोप येत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर तो बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

पुढीलपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नये:

• ३ महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप
• दूध न ओढणं, बाळ लुळं पडणं किंवा उठवूनही जागं न होणं
• श्वास जलद चालणं, छाती आत ओढली जाणं, ओठ निळे पडणं
• झटके येणं, हिरवी उलटी होणं, तळहात-तळपाय पिवळे दिसणं
• काही केल्या न थांबणारं, नेहमीपेक्षा वेगळं, तीव्र रडणं
• पहिल्या आठवड्यानंतर दिवसात ६ पेक्षा कमी वेळा लघवी किंवा वजन न वाढणं
• रोज झोपेत घोरणं किंवा श्वास मध्येच थांबणं

मालगुंडला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि पुढच्या उपचारांसाठी रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांतही भेटी ठरलेल्या आहेत. या भेटींत वजनाबरोबर झोपेचंही विचारावं. बाळ कधी झोपतं, किती वेळा पितं, किती वेळा लघवी करतं, एवढं तीन-चार दिवस वहीत लिहून ठेवलं तर काळजीचं कारण आहे की नाही, हे सांगणं त्यांना सोपं जातं.