मुलामा आणि मूल्य : स्मृतिनाण्याच्या निमित्ताने

संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला की स्मृतिनाणे काढण्याचा विचार पुढे येतो आणि पाठोपाठ प्रश्न उभा राहतो : नाण्यास मुलामा कशाचा द्यावा? सोन्याचा, चांदीचा, की जुन्या नाण्यासारखा काळसर? प्रश्न वरकरणी शोभेचा वाटतो. परंतु मुलाम्याचा इतिहास पाहता तो मुळात सचोटीचा आहे, असे माझ्या अल्पमतीस वाटते.

कापडाच्या व्यापारात आयुष्य गेल्याने मुलाम्याची माझी पहिली ओळख झाली ती जरीतून. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते व तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. नकली जरीत चांदीची जागा तांबे घेते. दुकानाच्या उजेडात दोन्ही सारख्याच झळकतात. फरक कळतो तो काही वर्षांनी, काठ काळवंडल्यावर. नकली जरी विकणे गैर नाही. ती खरी म्हणून विकणे गैर आहे.

नाण्यांचा इतिहास हेच सांगतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या काळात, १५४४ पासून, नाण्यांतील चांदी फार घटवून तांबे वाढविण्यात आले. वरून ती पांढरी दिसत. पण झिजू लागताच राजमुद्रेच्या नाकावर तांबे उघडे पडे. लोकांनी राजास ‘ओल्ड कॉपरनोज’, म्हणजे तांब्या नाकाचा, असे नाव ठेवले. अमेरिकेत १८८३ मध्ये पाच सेंटचे नवे नाणे निघाले. त्यावर रोमन पाचाचा आकडा होता, परंतु ‘सेंट’ हा शब्द नव्हता. लबाडांनी त्यास सोन्याचा मुलामा देऊन ते पाच डॉलरचे सुवर्णनाणे म्हणून खपविले. अखेर त्याच वर्षी त्यावर तो शब्द घालावा लागला.

मुलाम्याची जुनी रीत पाऱ्याची. सोने पाऱ्यात कालवून वस्तूवर लावीत व तापवून पारा उडवीत. सोने पक्के बसे, परंतु पाऱ्याची विषारी वाफ कारागिराच्या शरीरात जाई. १८०० मध्ये व्होल्टाने विद्युत्घटाचा शोध जाहीर केला आणि १८०५ मध्ये त्याचाच स्नेही, इटलीतील पाव्हियाचा ब्रुन्यातेल्ली, याने दोन मोठ्या रौप्यपदकांवर विजेच्या साहाय्याने सोने चढविले. पुढे १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतबंधूंनी या विद्येचे पेटंट घेतले आणि तिचा व्यवसाय झाला. म्हणजे विजेच्या मुलाम्याचा आरंभच पदकावर झाला, हा योग लक्षणीय आहे.

आता निवडीविषयी. सोने काळवंडत नाही. मात्र तांब्यावर थेट चढविल्यास तांबे हळूहळू त्यात मिसळते व पृष्ठभाग मळकट होतो, म्हणून मध्ये निकेलचा थर देतात. चांदी शोभिवंत खरी, पण हवेतील गंधकयुक्त वायूंनी काळी पडते. काळसर, पुरातन मुलाम्यात खोलगट भाग गडद ठेवून उठावाचा भाग उजळतात; अक्षरे व आकृती स्पष्ट वाचता येतात आणि हाताळणीचे डाग उठून दिसत नाहीत. २००१ मध्ये भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त भारत सरकारने काढलेले पाच रुपयांचे नाणे तर तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे आहे. ते आपला धातू लपवीत नाही, म्हणून त्याचे मोल उणे झालेले नाही.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे : अस्सलाच्या जागी नक्कल खपविणे. व्यापाऱ्याने हा शब्द गादीसमोर लिहून ठेवावा. मुलामा कोणताही निवडावा. परंतु डबीतील चिठ्ठीवर आतील धातू, वरील थर आणि त्याची जाडी यांचा स्वच्छ उल्लेख असावा. पन्नास वर्षांनी एखाद्या नातवाने ते नाणे सराफाकडे नेले, तर त्याच्यासमोर आपल्या संस्थेची मान खाली जाऊ नये, एवढीच नम्र अपेक्षा.