माहुली किल्ला व निजामशाहीचा शेवटचा पक्ष

इ. स. १६३३ च्या जून महिन्यांत दौलताबाद मोंगलांच्या हातीं गेलें व हुसेन निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेंत पडला. येथेंच निजामशाही संपली, असें पुष्कळ जण मानितात. आमच्या मतें ती आणखी तीन वर्षें जगली, व तिचा खरा शेवट ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांत, माहुली किल्ल्यावर झाला.

दौलताबाद पडतांच राज्यांत बेबंदशाही माजली. किल्लेदार आपापल्या जागीं धनी होऊन बसले. कित्येक सरदार मोंगलांस मिळाले. अशा वेळीं शहाजीराजे भोसले यांनीं निजामशाही घराण्यांतील मुर्तजा या अल्पवयी मुलास पेमगिरी येथें तख्तावर बसविलें व त्याच्या नांवें कारभार चालविला. विजापूरचा मुरार जगदेव त्यांचा पाठिराखा होता.

या पक्षास कोणी स्वराज्याचा पहिला प्रयोग म्हणतात, कोणी एका सरदाराचें बंड. पहिलें मत पुढील काळाची भावना मागें ढकलतें. दुसरें तर पुराव्यासच सोडून आहे.

१६३६ च्या मे महिन्यांत आदिलशहानें शहाजहानाशीं तह केला. कालचा मित्र शत्रूचा भागीदार झाला. पोर्तुगीजांनींही आश्रय नाकारिला, तेव्हां शहाजीराजे माहुलीवर आले. ही निवड सहेतुक दिसते. नाणेघाटाच्या माथ्यावरील जीवधन त्यांच्याकडे होता. घाटाची उतरण मुरबाड तालुक्यांत येते, आणि त्या प्रांताच्या उत्तरेस माहुली उभी आहे. जुन्नर व कोंकण यांचा सांधा राखण्याचा हा अखेरचा यत्न असावा. मोंगलांकडून खानजमान व विजापुराकडून रणदुल्लाखान चालून आले. वेढा पडला, व वर्षअखेरीस तह झाला.

तहांत जुन्नर, त्र्यंबक, त्रिंगलवाडी, जीवधन इत्यादि किल्ले तर गेलेच. पण मोंगलांनीं त्या मुलासही मागून घेतलें. केवळ बंडखोराचें पारिपत्य करावयाचें असतें, तर किल्ले पुरे होते. मूल मागितलें, यावरूनच त्याच्या नांवास प्रजेंत व किल्लेदारांत वजन होतें हें शत्रूनें ओळखलें होतें, असें ठरतें.

शहापूर-मुरबाडकडील जुन्या दप्तरांत शके १५५५ ते १५५८ मधील एखादा वतनी कागद आढळल्यास संग्राहकांनीं प्रथम त्याचा मायना पाहावा. वसूल कोणाच्या नांवें झाला, हें त्यांतून कळेल. या पक्षाचें राज्यपण सिद्ध करावयास तेवढा एक कागदही पुरेसा आहे. तो रद्दींत जाऊं देऊं नये.