कागदावर पडीक, रानात नांदतं



आज आपल्या रानाचं नाही, राजस्थानातल्या जैसलमेरचं लिहितो. पण विषय जमिनीचाच आहे, म्हणून वाचा.

जैसलमेर म्हणजे थरचं वाळवंट. पाऊस सरासरी वर्षाला २०० मिलिमीटरच्या आत. वारा मात्र उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत नैर्ऋत्येकडून नुसता सुटलेला असतो. २००१ पासून तिथं पवनचक्क्या बसायला लागल्या. काम पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन कंपनीचं. आधी ३५० किलोवॉटची यंत्रं होती, पुढं एकेक २.१ मेगावॉटचं आलं. एप्रिल २०१२ पर्यंत सगळं मिळून १,०६४ मेगावॉट झालं. कोळसा न जाळता एवढी वीज! त्याला कोण नावं ठेवील?

पण ती जमीन रिकामी होती का, हा प्रश्न आहे.

तिथं 'ओरण' असतात. आपल्याकडच्या देवराईसारखं देवाच्या नावानं सोडलेलं रान. झाड तोडायचं नाही, पण गायी, मेंढ्या, उंट चरतात, तळ्यावर पाणी पितात. शेकडो वर्षं हे चालत आलंय. पण बऱ्याच ओरणांची नोंद सरकारी दप्तरात ओरण म्हणून झालीच नाही. कागदावर ती सरकारी पडीक. मग प्रकल्पाला जागा द्यायची म्हटली की बोट तिथंच जातं.

दुसरं म्हणजे 'खडीन'. पंधराव्या शतकापासून पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत रुजवली. वरच्या खडकाळ माळावरचं पाणी वाहून खाली येतं, तिथं मातीचा लांब बांध. पाणी मुरलं की त्या ओलीवर गहू, हरभरा पेरायचा. पुढं पालीवाल गावं सोडून गेले, कुलधरा ओस पडलं, पण खडिनात आजही पीक निघतं. आता वरचा माळ बघणाऱ्याला उजाड वाटतो. खरं तर तो खालच्या पिकाचा पाणलोट आहे. त्यावर आडवा रस्ता टाकला आणि पाण्याला वाट ठेवली नाही, तर खालचं रान कोरडं पडणार. हे कुणाही शेतकऱ्याला कळतं.

तिसरा माळढोक. सोलापूरच्या नान्नजला १९७९ साली ज्याच्यासाठी अभयारण्य झालं तोच. आता जे थोडे उरलेत ते बहुतेक जैसलमेर भागात. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांना धडकून मरतो. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, मग भरपाई व्हायची कशी? सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये जमेल तिथं तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली.

मंडळी, पवनचक्कीच्या बुडाला जागा थोडीच लागते. आजूबाजूला जनावरं चरू शकतात. रस्ते, तारा कुठून न्यायच्या हे गावाला विचारून ठरवलं तर दोन्ही नांदतात. पण विचारणार कधी? कागदावर गावाचा वापर लिहिलेला असेल तेव्हा.

म्हणून सांगतो, आपल्या गावचं गायरान, देवराई, ओढ्याच्या वरचा माळ सातबाऱ्यावर कसा लागलाय ते तलाठ्याकडं जाऊन बघा. चुकीचं असेल तर ग्रामसभेत विषय घ्या, ठराव करा. प्रकल्प दारात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.