मोटर सुरू करताना मधल्या क्षणाचं काय?

संशोधनाचा विषय शोधताना एक प्रश्न हमखास छळतो: "आधीच एवढं काम झालंय, मग मी नवीन काय करणार?" मोठ्या मोटरी सुरू करण्याच्या इतिहासात याचं एक छान उत्तर आहे. बघा पटतंय का.

1889 मध्ये बर्लिनच्या एईजी कंपनीत मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी तीन फेजची पिंजरा-रोटर मोटर बनवली. साधी आणि दणकट. पण थेट लाइनवर टाकली की अशी मोटर सुरुवातीला नेहमीच्या सहापट किंवा जास्तच करंट ओढते. छोट्या मोटरीचं चालून जातं. शेकडो अश्वशक्तीची असेल, तर कारखान्याचं व्होल्टेज खाली बसतं आणि शेजारची यंत्रं अडखळतात.

उपाय सरळ होता: सुरुवातीला व्होल्टेज कमी द्या. मात्र टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 65 टक्के व्होल्टेज दिलं, तर टॉर्क उरतो साधारण 42 टक्के. मोटरीच्या वाटेत नुसता रोध घातला, तर लाइनचा करंट 65 टक्क्यांवरच थांबतो. ऑटोट्रान्सफॉर्मर वापरला, तर तोही 42 टक्क्यांपर्यंत उतरतो. म्हणजे टॉर्क तेवढाच, पण लाइनवर ताण कमी. झालं, प्रश्न सुटला!

नाही सुटला. मोटरीनं वेग घेतला की तिला ट्रान्सफॉर्मरवरून काढून लाइनवर घ्यावं लागतं. त्या मधल्या क्षणी ती कशालाच जोडलेली नसते. पण फिरत असते, आणि रोटरमधलं चुंबकत्व लगेच मरत नाही. त्यामुळे ती स्वतःच व्होल्टेज निर्माण करते. लाइनशी त्याचा मेळ नसताना जोडणी झाली, तर करंटचा जबर धक्का बसतो. ज्याला टाळायला एवढा खटाटोप केला, तोच पाहुणा मागच्या दारानं घरात!

बर्लिनच्याच मॅक्स कोर्नडॉर्फर यांनी नेमका हा क्षण पकडला. 1908 मध्ये त्यांनी अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. 1914 मध्ये ते मिळालं. युक्ती अशी: मोटर तोडायचीच नाही. आधी ट्रान्सफॉर्मरचा फक्त स्टार बिंदू उघडायचा. मग लाइन आणि टॅप यांच्यामधली गुंडाळी मोटरीच्या वाटेत चोकसारखी राहते. पुढच्या पायरीला तेवढी गुंडाळी शॉर्ट करायची, की मोटर पूर्ण व्होल्टेजवर. प्रवाह कुठेच तुटत नाही.

लक्षात घ्या, यात मोटर नवी नाही, ट्रान्सफॉर्मरही नवा नाही. बदलला तो स्विच उघडण्या-मिटण्याचा क्रम. आपल्याकडे शेतातल्या पंपांना असतो तो साधा स्टार-डेल्टा स्टार्टरही स्टारवरून डेल्टावर जाताना क्षणभर मोटर तोडतोच. तिथेही हाच प्रश्न उभा राहतो.

तेव्हा साहित्याचा आढावा घेताना "यांनी काय सोडवलं" एवढंच टिपू नका. पेपरमधली पद्धतीची आकृती काढा आणि दोन चौकटींमधल्या बाणावर बोट ठेवा. तिथे काय घडतं, हे कुणी मोजलंय का? नसेल, तर तुमचा विषय कदाचित तिथेच आहे.