पिंपाची किल्ली कोणाच्या हातीं?



सहलीसाठीं समुद्रावर हिंडणारीं जीं मोठालीं जहाजें असतात, ज्यांना आजकाल क्रूझ म्हणतात, त्यांवर चढणाऱ्या प्रत्येक उतारूस कंपनीची एक नियमावली मिळते. तींत एक कलम हटकून असतें : उतारूनें स्वतःची दारू बरोबर आणूं नये. पुष्कळ कंपन्या एवढीच सवलत देतात कीं, प्रौढ उतारूनें पहिल्या दिवशीं पाऊण लिटरची द्राक्षमद्याची एक बाटली आणावी. ती भोजनगृहांत उघडली तर बूच काढण्याचें शुल्क निराळें. कडक दारू मुळींच आणतां येत नाहीं. वाटेंतल्या बंदरांत कोणी बाटली विकत घेतली, तर ती जहाजावर ठेवून घेतात आणि प्रवास संपतांना परत करतात.

ज्या जहाजावर सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पेले भरले जातात, तेथेंच स्वतःच्या बाटलीला मज्जाव कां? कंपनी म्हणते, सुरक्षिततेसाठीं. उतारू म्हणतो, नफ्यासाठीं. मद्याची तरफदारी करण्याचा किंवा त्याच्यावर तुटून पडण्याचा माझा आज हेतु नाहीं. हा तंटा आजचा नसून जवळजवळ तीनशें वर्षांचा आहे, आणि त्याच्या मुळाशीं दारूच्या पिंपाची किल्ली कोणाच्या हातीं असावी हा प्रश्न आहे, एवढेंच मला दाखवावयाचें आहे.

शिडाच्या गलबतांच्या काळीं पिण्याचें पाणी लांकडी पिंपांत भरून नेत असत. कांहीं आठवड्यांतच त्यावर शेवाळ धरे व दुर्गंधि सुटे. बियर त्यामानानें अधिक टिके. म्हणून इंग्रजी आरमारांत दर खलाशास रोज एक गॅलन, म्हणजे सुमारें साडेचार लिटर, बियर देण्याची वहिवाट होती. परंतु उष्ण समुद्रांत बियरही नासे, आणि तिचीं पिंपें जागा फार अडवीत. १६५५ सालीं इंग्रजांनीं स्पेनच्या हातून जमेका बेट घेतलें. तेथें उंसाच्या मळीपासून काढलेली रम मुबलक मिळे, आणि ती कितीही दिवस राहिली तरी बिघडत नसे. त्या बाजूच्या जहाजांवर बियरऐवजीं रम वाटली जाऊं लागली, आणि १७३१ च्या आरमारी नियमांत एक गॅलन बियरच्या जागीं अर्धा पिंट रम हें प्रमाण लेखी आलें. अर्धा पिंट म्हणजे सुमारें पाव लिटर.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही दारू खलाशानें घरून आणलेली नव्हती. शिध्यांतील पाव आणि खारवलेलें मांस यांप्रमाणेंच ती सरकारनें त्याच्या वांट्यास दिली होती. आणि त्याच सरकारच्या शिस्तीच्या कायद्यांत मद्यपानानें झिंगणें हा अपराध होता, व त्यासाठीं उघड्या पाठीवर फटके बसत. जो हात पेला भरी, तोच हात चाबूक उगारी.

ही विसंगति ज्याच्या मनाला बोंचली असा एक सेनापति होऊन गेला. त्याचें नांव एडवर्ड व्हर्नन. १७३९ सालीं स्पॅनिशांचें पोर्टो बेलो हें बंदर घेऊन तो कीर्तीच्या शिखरावर होता. आपले खलाशी रोजची रम एका घोटांत पिऊन टाकतात, त्यामुळें त्यांची प्रकृति ढासळते, अपघात होतात आणि शिस्त मोडते, हें त्यानें पाहिलें. २१ ऑगस्ट १७४० रोजीं जमेकाहून त्यानें आपल्या कप्तानांना हुकूम धाडला. अर्धा पिंट रममध्यें एक क्वार्ट, म्हणजे चौपट, पाणी मिसळावें. हें मिश्रण त्यासाठींच राखलेल्या पिंपांत, उघड्या तक्तपोशीवर, पहाऱ्यावरील अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत करावें. आणि तें एकदम न देतां सकाळीं दहा ते बारा व सायंकाळीं चार ते सहा असें दोनदां वांटावें. खलाशांनीं शिध्यांतून कांहीं शिल्लक टाकून साखर व लिंबें घ्यावीं, म्हणजे पेय अधिक रुचकर होईल, असेंही त्यांत सुचविलें होतें.

व्हर्नन ग्रोग्रॅम नांवाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा वापरी. त्यावरून खलाशांनीं त्याला ‘ओल्ड ग्रॉग’ हें टोपणनांव दिलें होतें. पाणी घातलेल्या रमलाही तेंच नांव चिकटलें. हुकमांतील महत्त्वाचा भाग पाण्याचा नाहीं, तर ‘डोळ्यांदेखत’ या अटीचा आहे. दारू किती, केव्हां आणि कोणासमोर, हें तिन्ही ठरविण्याचा अधिकार त्या दिवसापासून एका ठिकाणीं आला. पिंपाला जणूं कुलूप लागलें.

कुलूप आलें कीं चोरवाटही येते. खलाशाला स्वतःची दारू आणण्याची बंदी होती, आणि ती मोडण्याच्या युक्त्या त्यानें भराभर शोधून काढल्या. जहाज बंदरांत नांगरलें कीं फळें, भाज्या विकणाऱ्या होड्या भोंवतीं जमत. भेटीस येणाऱ्या स्त्रिया जनावरांच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत दारू भरून, त्या घागऱ्याखालीं लपवून आणीत. वेस्ट इंडीजमध्यें तर नारळ कामास आला. वरून भोंक पाडून आंतील पाणी काढून घ्यावयाचें, रम भरावयाची, आणि भोळ्या चेहऱ्यानें शहाळें विकावयास न्यावयाचें. अधिकाऱ्याला वाटे, माणसें तहान भागवीत आहेत. खलाशांच्या बोलींत या प्रकाराला ‘माकड चोखणें’ असें म्हणत. वांट्याची दारू मागाहूनसाठीं सांठवून ठेवणें, किंवा ती देऊन दुसऱ्याकडून काम करून घेणें, हेंही नियमाविरुद्ध होतें आणि तेंही सर्रास चाले.

अधिकारी इतके धास्तावत याला शिस्तीखेरीज आणखी एक कारण होतें : आग. लांकडाचें जहाज, डांबरलेल्या दोऱ्या, कापडाचीं शिडें आणि पोटांत तोफांची दारू. अशा ठिकाणीं पिण्याची कडक दारू म्हणजे दुसरें दारूगोळ्याचें कोठारच. याचा दाखला हिंदुस्थानकडे निघालेल्या एका जहाजानेंच दिला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेंतील ‘केंट’ हें जहाज १८२५ च्या फेब्रुवारींत इंग्लंडहून बंगाल व चीनच्या वाटेस लागलें. त्यावर पायदळाची एक पलटण, शिपायांच्या बायका व मुलें मिळून सहाशेंहून अधिक माणसें होतीं. १ मार्च रोजीं तें बिस्केच्या उपसागरांत तुफानांत सांपडलें होतें. पिंपें हलून फुटूं नयेत म्हणून एक अधिकारी कंदील घेऊन तळघरांत उतरला. दारूचें एक पिंप सुटून आलें होतें. तें तो आवरीत असतां जहाजानें हेलकावा खाल्ला, कंदील हातून निसटला, पिंप फुटलें आणि वाहत्या दारूनें पेट घेतला.

आग विझविण्यासाठीं कप्तानानें समुद्राचें पाणी आंत घेतलें. म्हणजे जळून मरणें किंवा बुडून मरणें एवढीच निवड उरली. दैवयोगानें ‘केम्ब्रिया’ नांवाचें एक लहान जहाज दिसलें, आणि खवळलेल्या समुद्रांत होड्यांच्या खेपा करून पांचशेंहून अधिक जीव त्यानें वांचविले. तरी सुमारें ऐशीं माणसें गेलीं. वांचलेल्यांपैकीं मॅकग्रेगर नांवाच्या मेजरनें आशा सुटली असतां एक चिठी लिहून बाटलींत घालून समुद्रांत टाकली होती. ती बाटली पुढें बार्बाडोसच्या किनाऱ्यास लागली. येथें कोणी प्यालेलें नव्हतें, कोणी झिंगलेलें नव्हतें. दारू केवळ तेथें होती. उतारूच्या गांठोड्यांत दारू नको असें जहाजाचा अधिकारी म्हणतो, तेव्हां त्याच्या पाठीशीं असा अनुभव उभा असतो.

पुढील काळांत आरमारानें आपला पेला हळूहळू आंखडला. १८२४ सालीं रमचें प्रमाण निम्मे झालें व सायंकाळचें वाटप थांबलें. १८५० च्या चौकशीनंतर तें पुन्हां निम्मे, म्हणजे सुमारें सत्तर मिलिलिटर, झालें. जे घेत नसत त्यांना दिवसाला तीन पेन्स मिळत. पुढें यंत्रें नाजूक झालीं, आणि भर दुपारीं रम घेतलेल्या हातांत तीं द्यावीं कीं नाहीं असा प्रश्न आला. २८ जानेवारी १९७० रोजीं ब्रिटिश लोकसभेंत यावर वाद झाला, आणि ३१ जुलै १९७० रोजीं इंग्रजी आरमारांत रम शेवटची वाटली गेली. कित्येक खलाशांनीं त्या दिवशीं दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या.

मात्र हा नियम सर्वांना सारखा कधींच नव्हता. अमेरिकेच्या आरमारानें १ सप्टेंबर १८६२ पासून खलाशांचा दारूचा शिधा बंद केला. पण अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत त्यांनीं स्वतःच्या पैशानें आणलेलें मद्य चालूच राहिलें. तें थांबावयास बावन्न वर्षें लागलीं. आरमारमंत्री जोसेफस डॅनियल्स यांच्या हुकमानें १ जुलै १९१४ पासून सारें जहाज कोरडें झालें. उतारूंच्या जहाजांवरही तोच भेद दिसतो. १८९४ च्या ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या कायद्यानें देशांतर करणाऱ्यांच्या जहाजावर तळच्या वर्गाच्या उतारूंना कडक दारू विकण्यास मनाई केली. वरच्या वर्गाच्या दिवाणखान्यास ती मनाई नव्हती. गरिबाच्या पेल्यावर कायद्याची नजर, आणि श्रीमंताच्या पेल्यावर फक्त खानसाम्याची, असा तो न्याय होता.

मग १९२० च्या जानेवारींत अमेरिकेंत दारूबंदी आली, आणि किल्लीच्या प्रश्नांत निशाणाचा प्रश्न मिसळला. जहाजावर कायदा कोणाचा? ज्याचें निशाण त्याचा, कीं ज्याच्या किनाऱ्यापाशीं तें उभें आहे त्याचा? कूनार्ड आदि कंपन्यांनीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. ३० एप्रिल १९२३ च्या निकालांत न्यायालयानें सांगितलें कीं, खुल्या समुद्रावरील अमेरिकन जहाजास ही बंदी लागत नाहीं. परंतु किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आंत परकी जहाजानें कुलुपांत ठेवलेली दारूसुद्धां आणतां कामा नये. ही अडचण काढण्यासाठीं १९२४ सालीं ब्रिटनशीं तह झाला : सीलबंद दारू आणावी, पण किनाऱ्यापासून तासाभराच्या वाटेवरील संशयित ब्रिटिश जहाजें अमेरिकेनें तपासावीं. इकडे सरकारी मालकीचीं अमेरिकन जहाजें कोरडींच राहिलीं, आणि तहानलेले उतारू परक्या जहाजांकडे वळले. कोठेंच न जाणाऱ्या सफरी निघूं लागल्या. जहाज न्यूयॉर्कहून निघे, हद्दीबाहेर समुद्रांत फिरे आणि पुन्हां न्यूयॉर्कलाच येई. मधल्या वेळांत पेले भरले जात. दारू विकण्यासाठीं सफर, या व्यवहाराची गोडी जहाज-कंपन्यांना तेव्हां लागली.

आपल्या मुंबईसही या प्रश्नाचा स्पर्श झालेला आहे. १९४९ च्या मुंबई मद्यनिषेध कायद्यांत युद्धनौका व आरमाराचीं भोजनगृहें यांना सवलत देण्याची तरतूद होती. ही सवलत समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे असा आक्षेप बलसारा खटल्यांत निघाला. १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो मानला नाहीं. किनाऱ्यावरच्या घराला एक नियम आणि नांगरलेल्या युद्धनौकेला दुसरा, हें आपल्या कायद्यानेंही मान्य केलें आहे.

आतां आरंभीच्या तंट्याकडे परत येऊं. आजचा उतारू तोंड धुण्याच्या औषधाच्या बाटलींत रंगविलेली दारू भरतो, कपड्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या लपवितो, आणि जहाजाचे लोक क्ष-किरणांनीं त्याचें सामान पाहतात. नारळ गेला, युक्ति तीच राहिली. कंपनीचें म्हणणें खोटें नाहीं. मद्यालयांतला नोकर झिंगलेल्याला पुढचा पेला नाकारूं शकतो, अल्पवयी मुलास अडवूं शकतो. खोलींतल्या बाटलीवर पहारा नसतो, आणि मध्यरात्रीं समुद्रांत पडलेला माणूस सहसा हातीं लागत नाहीं. परंतु उतारूचें म्हणणेंही खोटें नाहीं. तिकिटाचा दर उतरवून मद्यालयाच्या गल्ल्यावर भरपाई करणें हा या धंद्याचा उघड हिशेब आहे.

मग खरें कारण ओळखावें कसें? व्हर्ननचा हुकूम हीच त्याची कसोटी आहे. त्यानें बाहेरची दारू अडविली, तशीच आंतलीही मोजली व पातळ केली. किल्ली हातीं घेऊन त्यानें कांहीं मिळविलें नाहीं. आज एका मोठ्या कंपनीच्या ठरावीक रकमेच्या योजनेंत उतारूस दिवसाला पंधरा पेल्यांपर्यंत मद्य मिळतें. पेल्यागणिक चाळीस मिलिलिटर कडक दारू धरली, तरी सहाशें मिलिलिटर होते. ज्या पाव लिटर रमनें व्हर्ननची झोंप उडविली, तिच्या दुपटीहून ही मात्रा अधिक आहे. ती रम थोडी अधिक कडक होती हें धरूनही निष्कर्ष बदलत नाहीं.

समुद्रावर बाटलीला कुलूप असावें, हें ‘केंट’च्या ज्वाळांनीं कायमचें शिकविलें आहे, आणि उतारूनें तें निमूटपणें मानावें. परंतु जो दुसऱ्याची बाटली जिवाच्या काळजीनें काढून घेतो, त्यानें स्वतः भरून दिलेला पेलाही त्याच काळजीनें मोजला पाहिजे. तसें होईल तेव्हां त्या नियमाला शिस्त म्हणावें. तोंपर्यंत ती निम्मी शिस्त आणि निम्मी दुकानदारी आहे.