बिस्किटं मोजणारा माणूस

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये याद्या करणारा माणूस मी. कोणाच्या सॅकमध्ये स्टोव्ह, कोणाकडे तांदूळ, दोरी कोण घेणार, हे सगळं एका शीटमध्ये असतं आणि त्यावरून मला भरपूर टोमणेही मिळतात. गेल्या पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या आदल्या रात्री पाचही जणांच्या सॅक मीच भरल्या. सकाळी ऑफिसमधलं एक रिलीज अडकलं आणि मी घरीच राहिलो. दोन दिवसांनी कोकणकड्यावरचे फोटो आले. फोटोत सगळे होते, मी भरलेल्या सॅकही होत्या.

ही काही शोकांतिका नव्हे. पण तेव्हाच मी दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीबद्दल वाचत होतो आणि ज्या माणसावर येऊन थांबलो त्याचं नाव होतं यालमार योहान्सेन. अमुंडसेनच्या मोहिमेतला हा पॅकिंगवाला.

शर्यतीची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. नॉर्वेचा रोआल अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ला ध्रुवावर पोहोचला. ब्रिटनचा रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ला पोहोचला आणि परतताना साथीदारांसह मेला. आपल्याला सांगतात ते कुत्रे विरुद्ध माणसं, स्की विरुद्ध पायपीट असं. त्यात तथ्य आहे, पण खोक्यांची गोष्ट कोणी फारशी सांगत नाही.

१९११च्या हिवाळ्यात अमुंडसेनची माणसं व्हेल्सच्या उपसागराकाठी ‘फ्रामहाइम’ नावाच्या लाकडी घरात होती. बाहेर महिनोन्‌महिने अंधार. घराभोवतीच्या बर्फात त्यांनी खोल्या खणल्या होत्या आणि त्यांत चक्क वर्कशॉप थाटलं होतं. ब्योलान नावाचा स्कीपटू आणि सुतार गाड्यांचं लाकूड तासत बसे. त्या बर्फावरून ओढायच्या गाड्या, म्हणजे स्लेज. त्यांचं वजन त्याने तासून तासून मूळ वजनाच्या एक तृतीयांशाच्याही खाली आणलं. योहान्सेनकडे काम होतं गाड्यांवरची खोकी भरायचं. ४२,००० बिस्किटं, पेमिकनचे १,३२० डबे आणि सुमारे १०० किलो चॉकलेट. पेमिकन म्हणजे सुकं मांस आणि चरबी एकत्र कुटून केलेला गोळा, ध्रुवीय प्रवासाचं मुख्य अन्न.

हे सगळं मूळ वेष्टनातून काढून त्याने नव्याने लावलं. एकेक बिस्किट हातात घेऊन, फिरवून, नेमकं बसेपर्यंत. पेमिकनचे गोळे गोल, त्यामुळे चार गोळ्यांच्या मध्ये फट उरते. तिथे दुधाच्या भुकटीच्या लांबट पिशव्या बसवल्या. तरीही जी जागा उरली तिथे चॉकलेटचे तुकडे. आम्हाला इंजिनिअरिंगला ‘बिन पॅकिंग’ नावाचा प्रश्न होता: ठरावीक आकाराच्या डब्यांत वस्तू कमीत कमी डब्यांमध्ये कशा बसवायच्या. वस्तू वाढल्या की सर्वांत चांगलं उत्तर शोधताना कॉम्प्युटरचाही घाम निघतो. योहान्सेनने तो गोठलेल्या बोटांनी सोडवला.

जागा वाचली हा त्यातला छोटा फायदा. मोठा फायदा असा की अन्न आता वजनावर नव्हे, नगावर मोजता येत होतं. उणे चाळीसमध्ये तराजू काढून बसायची गरज नाही, माणशी इतकी बिस्किटं, इतके गोळे, संपलं. किती दिवसांचं उरलंय तेही लगेच कळतं. खोक्यांना वरून गोल झाकणं होती, आपल्याकडच्या दुधाच्या कॅनसारखी. त्यामुळे खोकं गाडीवर बांधलेलंच राहायचं. झाकण उघडा, हात घाला, हवं ते काढा. रोज संध्याकाळी गोठलेल्या दोऱ्या सोडायच्या आणि सकाळी पुन्हा आवळायच्या, हे कामच शिल्लक नाही. भर पावसात सॅकच्या तळाशी गेलेला पोंचो ज्याने शोधलाय त्याला या झाकणाची किंमत वेगळी सांगायला नको.

या हिशेबात एक भाग वाचवत नाही, पण तो टाळणं लबाडी होईल. कुत्रेही अन्नाच्या यादीत होते. ५२ कुत्र्यांनिशी निघायचं, चढण संपली की त्यातले २४ मारायचे आणि त्यांचं मांस उरलेल्या कुत्र्यांनी आणि माणसांनी खायचं, हे आधीच ठरलेलं होतं आणि झालंही तसंच. जे ओझं स्वतःच्या पायांनी चालतं ते गाडीवर लादावं लागत नाही. गणित बिनचूक आहे. मला ते आवडत नाही.

योहान्सेन नवशिका नव्हता. तरुणपणी नान्सेनच्या ‘फ्राम’वर जायचं म्हणून त्याने बोटीवर कोळसा टाकणाऱ्याचं काम पत्करलं होतं. १८९५मध्ये तो आणि नान्सेन दोघंच जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उत्तरेला कोणी गेलं नव्हतं. परतताना दोघांनी अख्खा हिवाळा दगडाच्या झोपडीत अस्वलाचं आणि वॉलरसचं मांस खाऊन काढला. पुढे नान्सेन मोठा झाला, योहान्सेन दारूत बुडाला. त्याला सोबत घे, असं अमुंडसेनला सांगणारा नान्सेनच होता.

८ सप्टेंबर १९११ला अमुंडसेन घाईने निघाला. स्कॉट आधी पोहोचेल ही धास्ती. अजून फार थंडी आहे, असं योहान्सेनचं मत होतं. पारा उणे ५६वर गेला, होकायंत्रातला द्रव गोठला, कुत्र्यांचे पंजे गोठू लागले. सामान ८० अंशांवरच्या डेपोत टाकून सगळे मागे फिरले. शेवटच्या दिवशी अमुंडसेन दोघांबरोबर पुढे निघून गेला. मागे प्रेस्त्रुड नावाचा तरुण अधिकारी, त्याच्या टाचा हिमदंशाने सुजलेल्या, कुत्रे दमलेले. योहान्सेन त्याच्यासाठी थांबला. दोघांजवळ अन्न नव्हतं, इंधन नव्हतं. ४२,००० बिस्किटं ज्याने जागेवर बसवली त्याच्या हाताशी त्या रात्री एक बिस्किटही नव्हतं. मध्यरात्र उलटल्यावर ते घरी पोहोचले.

सकाळी अमुंडसेनने विचारलं, उशीर का झाला? योहान्सेनने सगळ्यांसमोर सुनावलं की नेत्याने आपल्या माणसांना असं मागे टाकून जायचं नसतं. बोलला ते खरं होतं. अमुंडसेनने त्याला ध्रुवाच्या तुकडीतून काढलं आणि किंग एडवर्ड सातवा लँड नावाच्या भागाच्या पाहणीवर पाठवलं, तेही प्रेस्त्रुडच्या हाताखाली. अनुभवाने प्रेस्त्रुड त्याच्यापेक्षा कितीतरी लहान. १९ ऑक्टोबरला पाच जण ध्रुवाकडे निघाले ते योहान्सेनने भरलेली खोकी घेऊन.

स्कॉटकडेही असाच एक माणूस होता, हेन्री बाउअर्स. बुटका, लालसर केसांचा, न थकणारा. मोहिमेत येण्याआधी तो रॉयल इंडियन मरीनमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या बंदरांशी जोडलेल्या नोकरीत होता. त्याच्याकडे सगळ्या साठ्याचा हिशेब. वाटेतल्या डेपोंमधलं अन्न, तंबू, चुली, सगळं चार माणसांच्या तुकडीच्या मापाने बांधलेलं. आणि जानेवारी १९१२च्या सुरुवातीला, ध्रुव जवळ आला असताना, स्कॉटने अचानक ठरवलं की चार नव्हे, पाच जण जातील. पाचवा माणूस बाउअर्सच. त्याची स्की काही दिवसांपूर्वी मागच्या डेपोत ठेवून दिलेली, त्यामुळे बाकीचे स्कीवर आणि हा बर्फातून चालत. चारांच्या तंबूत पाच. पाच जणांचं शिजवायला वेळ जास्त, हे स्कॉटने डायरीत नोंदवलंय. मागे फिरणाऱ्या तिघांनीही प्रत्येक डेपोतून चारांच्या गाठोड्यातला आपला वाटा वेगळा काढायचा. मला वाटतं, यादी करणाऱ्या माणसाला यापेक्षा वाईट काही होत नसेल: आपणच बांधलेला हिशेब आपल्यामुळेच मोडताना बघायचा आणि वर खूश असायचं, कारण आपली निवड झाली आहे.

परतताना डेपोंत रॉकेल कमी भरलं. झाकणांच्या चामडी वॉशरमधून ते उडून गेलं असावं. स्कॉट, विल्सन आणि बाउअर्स शेवटच्या तंबूत मेले. मोठा डेपो तिथून ११ मैलांवर होता. त्यांच्या गाडीवर १६ किलो दगड सापडले, विल्सनच्या आग्रहावरून वाटेत गोळा केलेले. यावर आजही लोक हसतात. त्यांतल्या काही दगडांवर ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. हेच पान आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशाच्या थरांतही सापडतं. अंटार्क्टिका आणि भारत कधीकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, या म्हणण्याला आधार देणाऱ्या पुराव्यांत ते दगडही आहेत. माझ्या शीटमध्ये मी ते ‘अनावश्यक’ या रकान्यात टाकले असते.

अमुंडसेन ९९ दिवसांनी, २५ जानेवारी १९१२च्या पहाटे परतला. ११ कुत्रे उरले होते. माणसं धडधाकट होती, अन्नाची चणचण भासली नव्हती. घरात सगळे झोपले होते, त्यांत योहान्सेनही. त्याची तुकडी महिनाभर आधीच परत आली होती. त्यांना उठवलं, कॉफी झाली.

ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानियातल्या होबार्ट बंदरात जहाज लागल्यावर योहान्सेनला वेगळं, एकट्याने घरी पाठवण्यात आलं. आज्ञाभंगाची तक्रार अमुंडसेनने नान्सेनला कळवली होती. जानेवारी १९१३मध्ये नॉर्वेच्या राजधानीत योहान्सेनने स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय ४५. त्याने भरलेल्या खोक्यांची कौतुकाने केलेली वर्णनं अमुंडसेनच्या पुस्तकात आहेत, त्या ४२,००० बिस्किटांसकट.